आक्काच्या घरचं पाणी

पोस्टमन आला की आई आधी हात धुवायची, पदराला पुसायची आणि मगच पत्र घ्यायची. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण गोव्याच्या पाकिटावरचं तिकीट वेगळं असायचं, ते तिला लांबूनच कळायचं. मग मला हाक. घरात वाचता येणारे दोघंच, मी आणि आप्पा, आणि आप्पा त्या पत्राला हात लावत नव्हते. मी चुलीजवळ बसून मोठ्यानं वाचायची. दाजींचं अक्षर मोठं सुबक, पण मजकूर दरवेळी तोच: आम्ही खुशाल आहोत, दुकान बरं चाललंय, पाऊस पुष्कळ झाला. तळाला आक्काच्या हातची एक वाकडीतिकडी ओळ: आईला नमस्कार, कुसुमच्या वेण्या आता कोण घालतं? एवढ्या एका ओळीसाठी आई सगळं पत्र दोनदा वाचून घ्यायची. दुसऱ्यांदा वाचताना ती चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं करायची आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसायची. मला वाटायचं, खरंच धूर झालाय. दहा वर्षांची पोर किती बावळट असते बघा!

वेण्या कोण घालतं, तर नीट कुणीच घालत नव्हतं. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिनं घातलेली वेणी दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा हलायची नाही, आणि घालताना अशी ओढायची की माझ्या भुवया वर चढायच्या. मी ओरडले की म्हणायची, "गप बस गं, डोस्कं हाय का तंबाखूचा बोद?" बोद म्हणजे गच्च भरलेलं पोतं. तिच्या लग्नानंतर आई घाईघाईत दोन पेड गुंडाळून द्यायची, आणि शाळेत पोचेपर्यंत ते सुटायचे. आज माझ्या डोक्यावर वेणीपुरते केस उरलेले नाहीत, तरी कुणी मागं बसून ओढून वेणी घालावी असं मधूनच वाटतं. या वयात हे कुणाला सांगायचं? सुना हसतील.

आमचं घर कोगनोळीचं, तंबाखूवाल्याचं. वर्षातले तीन-चार महिने घरात असा ठसका भरायचा की पाहुणा उंबऱ्यातच शिंकायला लागायचा, आणि आम्ही पोरं त्याच्या शिंका मोजायचो. आम्ही जैन. घरभर तंबाखू, पण आप्पांच्या तोंडात कधी सुपारीचं खांडही गेलं नाही. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं. तिन्हीसांजेला आमची चूल विझलेली आणि भांडी पालथी पडलेली असायची. पाणी दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय प्यायचं नाही. आणि फडक्यावर जे राहतं, डोळ्यांना न दिसणारे जीव, ते फडकं उलटं करून पुन्हा विहिरीत सोडायचे. तेही ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत, शेजारच्या नाही. हे काम आक्काचं होतं. पहाटे परड्यातल्या विहिरीवर रहाटाचा कुरकुर आवाज, मग तिच्या बांगड्या, मग तिचं बोलणं: "जावा बाबांनो, आपापल्या घरला जावा." ती लग्न होऊन गेल्यावर पाणी आई गाळायला लागली, पण त्या जिवांशी ती बोलायची नाही. मला ते चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं.

आप्पांचा राग दाजींवर होता. दाजी माणूस लाखात एक, हळू बोलणारा, हसताना मान खाली घालणारा. आप्पांनी लेक निपाणीत दिली होती, बैलगाडीनं सकाळी जाऊन दुपारी परत यावं एवढ्या अंतरावर. पण लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी दाजींच्या भावाभावांत वाटण्या झाल्या आणि दाजी थेट गोव्यात म्हापशाला गेले, तपकिरीचं आणि तंबाखूचं दुकान घालून बसले. आप्पा सोप्यात येरझाऱ्या घालत ओरडत होते, "मी लेक निपाणीत दिली, पोर्तुगालात न्हाय!" तेव्हा गोवा म्हणजे परमुलूखच. तिथं पाखल्यांचं राज्य, गोऱ्यांना तिकडं पाखले म्हणत. कायदा वेगळा, नाणं वेगळं, जायला चिठ्ठी-चपाटी लागायची. आता हसू येतं. आता गोव्याला कुणी विचारत नाही आणि महाराष्ट्र-कर्नाटकाच्या हद्दीचा नाका येऊन बसलाय तो आमच्या कोगनोळीत. परवा नातू गाडीतून घेऊन गेला तर माझ्याच गावच्या शिवेवर, मी बोरं वेचली त्या माळाजवळ, शिपायानं गाडी थांबवून विचारलं, कुठून आला? मी म्हटलं, बाबा, मी गेलेच कुठं होते? ते जाऊ द्या.

आक्काला गोव्याला जाऊन तीन वर्षं झाली. ना ती आली, ना आम्ही गेलो. त्या साली तंबाखू चांगली उतरली आणि शिमग्याच्या आधी आई एकदा आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. एरवी ती भिंतीआडून बोलायची. "एक डाव लेकीचं त्वांड बघू द्या. मग मी जन्मात काय मागत न्हाय." आप्पा म्हणाले, "जाऊ. एक रात ऱ्हायाचं, सकाळी तिला घिऊन निघायचं. म्हैनाभर म्हायेरपण करू दे." आणि जरा थांबून, "पर अन्नपाणी आपलं आपण न्यायाचं."

ते का, हे सांगायला हवं. आजच्या पोरांना माहीत नसतं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही की पाणी प्यायचं नाही, अशी आमच्याकडं रीत होती. मूल झालं की मग ते घर नातवाचं, मग खुशाल जेवा. आक्काच्या लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती आणि मूल नव्हतं. आप्पा रीतीला एवढे पक्के की एक वेळ डोंगर हलेल पण आप्पा नाही. मग आईनं दुधात पीठ मळून दशम्या केल्या, शेंगांची चटणी कुटली, आणि पाणी गाळून, उकळून तीन कळशांत भरून तोंडाला फडकी बांधली. उकळलेलं पाणी आमच्यात आठ प्रहर चालतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. त्या हिशेबानंच एक रात्र ठरली होती. ते पाणी तिनं आदल्या रात्री नाही, तर बेळगावात मामाच्या घरी मुक्काम करून निघायच्या पहाटेला उकळलं, एवढा तिचा हिशेब चोख.

मामानं बेळगावातून भाड्याची मोटार ठरवून दिली होती. ड्रायव्हर मारुती नावाचा, गळ्यात ताईत, कपाळाला शेंदूर, आणि मोटार सुरू करण्याआधी तिच्या पाया पडणारा. आप्पा खूश. म्हणाले, "माणूस सोवळ्याचा दिसतोय." आप्पांना माणसाची पारख कधीच नव्हती. कळशा आई मांडीशी धरून बसली, मी मध्ये, आप्पा पुढं काठी उभी धरून. बेळगुंदीकडचे डोंगर मागं पडले, आंबोलीच्या घाटात पोचलो तेव्हा धुकं विरत होतं. घाटाच्या वळणांवर आईला उमळून यायला लागलं, पण तिनं कळशा सोडल्या नाहीत. एका हातानं कळशी आणि दुसऱ्या हातानं तोंड. खाली उतरलो आणि मातीचा रंगच बदलला, लालभडक. हवाही बदलली, ओली, चिकट. माड मी पहिल्यांदा बघितले ते तेव्हा. मी विचारलं, "आप्पा, एवढ्या उंचावरचा नारळ काढतंय कोण?" आप्पा म्हणाले, "पाखलं काढत असतील." त्यांनाही ठाऊक नव्हतं.

नाक्यावर पोचलो तर दुपार झालेली आणि नाका बंद. बंद म्हणजे आडवा बांबू टाकलेला, आणि साहेब झोपलेले. एक शिपाई झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन पडला होता, त्यानं टोपी न उचलताच बोटानं खूण केली: बसा. आप्पांचा विश्वासच बसेना. "दिवसाढवळ्या सरकार झोपतंय? आन् राज्य चालवतंय कोण?" मारुती म्हणाला, "मालक, हितं समदा मुलूखच दुपारचा झोपतोय." दोन तास आम्ही त्या बांबूपुढं बसलो. मग साहेब उठले, तोंड धुतलं, कोट घातला, आणि त्यांच्या कारकुनानं आमचं सामान उघडायला लावलं. फडकं बांधलेल्या कळशा बघून त्याला दारूचा संशय आला असणार. त्यानं फडकं सोडून नाक घातलं, पुन्हा घातलं, आणि मग साहेबाला काहीतरी सांगून दोघं पोट धरून हसायला लागले. आम्हाला त्यानं मोडक्या मराठीत विचारलं, "आजोबा, गोंयांत उदक ना म्हणून कोणी सांगितलं? हंय उदकाशिवाय आसा कितें?" इथं पाण्याशिवाय आहेच काय, असं त्याचं म्हणणं. आईनं पदर पुढं ओढून फडकी परत बांधली आणि मला कानात म्हणाली, "मेल्याचं नाक बुडालं न्हाय न्हवं गं पाण्यात?"

म्हापशाला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. आक्का दारात उभी होती, आणि खरं सांगते, मी तिला ओळखलं नाही. अंगानं वाळलेली, केसांत भला मोठा गजरा, आणि शेजारणीशी कोंकणीत "गो, गो" करून बोलणारी. आम्हाला बघताच धावली ती थेट आईच्या गळ्यात. मग मला धरलं, उलटं फिरवलं आणि माझ्या वेण्या बघून म्हणाली, "आई, हे काय गं? ह्या काय चऱ्हाटं वळल्यात?" तेव्हा ती माझी आक्का झाली.

तिचं घर बैठं, कौलारू, दाराशी दोन्ही बाजूंना बसायला दगडी बाकं. आत खुर्च्या! आमच्या कोगनोळीत खुर्ची फक्त शाळेत मास्तरांची. कुठूनतरी कसलासा आंबूस वास येत होता, आईनं नाकाला पदर लावला तर आक्का म्हणाली, "सुकं म्हावरं गं, शेजारी." पलीकडं भटजींचं घर, त्यांच्याही चुलीवर मासे शिजतात म्हटल्यावर आईनं कानावर हात ठेवले. समोरच्या घरात रोजाबाय नावाची म्हातारी, फुलाफुलांचा झगा घातलेली, नवऱ्याच्या शेजारी पायरीवर बसून त्याच्याबरोबर इवल्याशा पेल्यातून काहीतरी पीत होती. उघड्यावर, सगळ्यांदेखत! तिनं आईला हात हलवला. आईनं नमस्कार करावा की तोंड फिरवावं हे न कळून दोन्ही केलं. एवढ्यात देवळाची नाही, चर्चची घंटा वाजली, आणि रस्त्यावरची माणसं जागच्या जागी प्रार्थनेला थांबली. आक्कासुद्धा बोलता बोलता थांबली, सवयीनं. आप्पांनी ते बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

आक्कानं स्वयंपाक तयार ठेवला होता. पुरणपोळ्या, कटाची आमटी, भात, आमच्या पद्धतीचं सगळं, कांदा-लसणाचा वास नाही. पाच पाट मांडलेले. दारात तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि आप्पा दोन्ही हात मागं घेऊन म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. आमचं आणलंय आम्ही." आक्का म्हणाली, "आप्पा, दुपदरी फडक्यानं गाळलंय. रोज गाळतो मी. त्यातलं परत हिरीत सोडतो." "त्याचं न्हाय गं," आप्पा म्हणाले, "तुला ठावं हाय." आक्काला ठाऊक होतं. तिनं तांब्या उचलला आणि आत गेली. मग आम्ही बाहेरच्या दगडी बाकावर बसून, फडक्यातून सोडलेल्या दशम्या खाल्ल्या, आणि आक्का उंबऱ्याच्या आत उभी राहून आम्हाला खाताना बघत होती. मी तर बहीण, मला रीत लागू नव्हती, पण आप्पांसमोर आत जायची माझी छाती झाली नाही. पुरणपोळ्या दुसऱ्या दिवशी रोजाबायच्या घरी गेल्या.

सकाळी निघायचं, तर मारुती नाही. मोटार आहे, ताईत आरशाला टांगलेला आहे, मारुती गायब. दाजी शोधायला गेले आणि दहा वाजता येऊन, मान खाली घालून आप्पांना म्हणाले, "मामा, कुठल्याशा वाड्यावर फेस्त हाय. तिथं काजूच्या झाडाखाली पडलाय. सांजपातूर काय उठायचा न्हाय." फेस्त म्हणजे सणाची जत्रा, आणि काजूच्या झाडाखाली पडणं म्हणजे काय ते समजलंच असेल. आप्पांचा सोवळ्याचा माणूस! दाजींना हसू आवरत नव्हतं.

आणि इकडं कळशांतल्या पाण्याची मुदत संपली. आईनं उरलेलं पाणी तुळशीला घातलं. दशम्या होत्या, पण पाण्यावाचून दशमी कोरडी घशाखाली उतरणार कशी? ऊन चढत गेलं. गोव्याचं ऊन आमच्यासारखं नाही, ते माणसाला उकडून काढतं. आप्पा बाकावर ताठ बसून होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, ओठ पांढरे पडलेले. मधल्या वेळी मी स्वयंपाकघरात गेले तर आई कोपऱ्यात तोंड करून तांब्यानं घटाघटा पाणी पीत होती आणि आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. आईनं मला बघितलं. "तुझ्या आप्पाला बोलू नगंस," एवढंच म्हणाली. आक्का हसली, पण म्हणाली, "तू पिलीस गं आई, पर मला आप्पांनी प्यायाला पायजे." मग मला जवळ ओढून तिनं वेणी घालायला घेतली, ओढून ओढून, आणि मी या खेपेला ओरडले नाही.

दुपारी सगळा गाव झोपला तेव्हा आप्पा उठले. दाजींच्या घरची घागर आणि दोर घेतला नाही, आपल्या कळशा घेतल्या, माझ्या हातात फडकं दिलं आणि म्हणाले, "चल." लेकीच्या घरचं चालत नाही, पण रोजाबायची विहीर तर लेकीची नव्हे! अशी तोड त्यांनी काढली होती. मासे खाणाऱ्या घरचं पाणी चालेल, आणि आपल्या हातानं गाळणाऱ्या लेकीचं चालणार नाही. लहान होते तरी मला ते विचित्र वाटलं. पण आप्पांना कोण बोलणार?

आप्पांनी जन्मात पाणी शेंदलं नव्हतं. ते बायकांचं काम. दोर हातातून निसटला, कळशी दगडावर आपटली, धोतर भिजलं. शेवटी पाणी वर आलं, मी फडकं धरलं, त्यांनी गाळलं, आणि मग फडकं उलटं करून राहिलेलं पाणी विहिरीत सोडायला लागले. तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. रोजाबाय झोपेतून उठून आली होती. तिनं कोंकणीत विचारलं ते मला कळलं, म्हातारबाबा, पाणी काढतोस की भरतोस? आप्पांनी तिला समजावलं, की त्यात जीव असतात, त्यांचं घर ही विहीर. "हां हां," म्हातारी म्हणाली, "तुझी धूवसुद्धा तशेंच करता." धूव म्हणजे लेक. मग तिनं विचारलं, लेकीच्या घरी विहीर असताना तू माझ्याकडं कशाला आलास? आप्पांनी रीत सांगितली. लेकीला मूल नाही, म्हणून.

रोजाबाय आप्पांकडं बघत राहिली. तिला वाटलं असणार, भाषा कळण्यात घोळ झाला. म्हणून ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. "तिका भुरगें जाल्लें मरे. चेडूं. पावसांत. सातव्याच म्हयन्यांत. आठ दीस जियेलें." तिला मूल झालं होतं, मुलगी, पावसाळ्यात, सातव्याच महिन्यात, आणि ती आठ दिवस जगली. आणि मग दोन्ही पाय पुढं पसरून, त्यावर कुणाला तरी निजवल्यासारखं करून दाखवलं. "आवय लागीं नाशिल्ली न्हू? म्हण हांव न्हाणयतालें." आई जवळ नव्हती ना, म्हणून मी न्हाऊ घालत होते.

आप्पा विहिरीच्या कट्ट्यावर बसले. पाणी त्यांच्या पायाशी गाळून ठेवलेलं होतं, पण त्यांनी ते उचललं नाही. किती वेळ बसले कोण जाणे, माझे पाय भाजायला लागले. मग उठले, पाणी तिथंच सोडून चालायला लागले. रोजाबाय मागून काहीतरी विचारत होती.

आक्का परसात माडाच्या चुडतावर, म्हणजे विणलेल्या झावळीवर, बसून चवळी निवडत होती. आप्पा तिच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "पद्मे, पाणी दे." त्यांच्या आवाजावरून तिनं ओळखलं. सुपातली चवळी तशीच राहिली. "रोजाबाय बोलली व्हय?" "व्हय," आप्पा म्हणाले, "का कळवलं न्हाईस? पत्रं लिव्हत व्हतीस न्हवं दर म्हैन्याला?" आक्का म्हणाली, "काय कळवू आप्पा? जन्मली म्हणून लिव्हायला बसलो, शाई वाळायच्या आत ती गेली. मग ते पत्र फाडलं. दुसरं लिव्हायचं हाताला सुचलं न्हाय." आई दारात येऊन उभी होती. तिनं तोंडात पदर कोंबला. मला पुढं आईनंच सांगितलं, की आदल्या रात्री आक्काला न्हायला घालतानाच तिला अंगावरून कळलं होतं, आणि लेक बोलत नाही तोवर आपणही बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. बायकांचं असलं गप्प राहणं मला आजही जमत नाही.

"पाणी दे," आप्पा पुन्हा म्हणाले. आणि इथं आक्का बिथरली. माझी गरीब आक्का, आप्पांपुढं जिनं कधी मान वर केली नाही, ती उठून उभी राहिली. "आता का? काल आणलं तवा का न्हाय? तिच्या नावावर पाणी पिऊ नगासा आप्पा. ती आठ दिस आली आन् गेली, तिच्यावर कशाला भार? माजं घर म्हणून प्यायाचं असंल तर प्या. न्हायतर मारुती उठला की सुखानं जावा. मी काय येत न्हाय." मला वाटलं आप्पा आता काठी उचलून चालायला लागणार. आप्पांनी काठी भिंतीला टेकवली. पगडी काढून बाजूला ठेवली. आप्पांचं उघडं डोकं मी क्वचितच बघितलं होतं, किती लहान दिसत होतं ते! मग दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली आणि म्हणाले, "तुज्या घरचं म्हणून दे. आन् जेवायला बी घाल."

मग जी धावपळ उडाली! दिवस कलला होता आणि घरात शिजलेलं काही नव्हतं. आक्कानं चूल पेटवली, आई तांदूळ धुवायला बसली, दाजी दुकान टाकून आले आणि नारळ फोडायला लागले. चुलीत करवंट्या सारल्या, त्या ओल्या निघाल्या, धूर कोंदला. मला आक्कानं अंगणात उभं केलं. "कुसे, दिवसावर नजर ठेव. कुठवर आला ते वराडून सांग." पश्चिमेला दोन माड होते, त्यांच्या मध्ये सूर्य. मी ओरडायची, "शेंड्याखाली आलाऽ!" आतून आक्का, "भात रटरटतोय, थांब म्हण त्याला!" मी ओरडायची, "निम्म्यावर आलाऽ!" आतून आप्पा, "घाई करू नगा, भाजून घ्याल कोन तरी." रोजाबाय कुंपणाला टेकून विचारत होती, काय बघतेस गो? आणि मी सांगितल्यावर तीही बघत उभी राहिली. आता त्यातलं कुणीच नाही. आप्पा गेले, आई गेली, दाजी गेले, आणि आक्काही गेली. कधी कधी तिन्हीसांजेला मी खिडकीशी बसलेली असते, आणि वाटतं, एकदा, फक्त एकदाच, त्या अंगणात उभं राहावं, आणि आतून आक्कानं ओरडून विचारावं, कुठवर आला गं? माझं सगळं उरलेलं आयुष्य देईन मी त्याच्या बदल्यात, काही फार उरलेलं नाही म्हणा.

गोव्यातला दिवस झटकन जातो. माडांच्या बुडाशी तांबडा पट्टा राहिला, मग तोही गेला. ओरडावंसं वाटेना. आत गेले तर आप्पा पाटावर बसलेले, पान मांडलेलं, आणि आक्का भाताचं पातेलं चुलीवरून उतरवून हातात डाव घेऊन तशीच उभी. दारातून तिलाही दिसत होतं. समोरच्या घरात दिवा लागला होता. "दिवस गेला आप्पा," ती म्हणाली, आणि डाव खाली ठेवायला लागली. जन्मात आप्पांनी दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेतला नव्हता, तापानं फणफणले होते तेव्हासुद्धा नाही, आणि हे आक्काइतकं कुणाला माहीत होतं?

आप्पा म्हणाले, "कुठं गेला? मला दिसतोय की." आणि माझ्याकडं वळून, असल्या आवाजात, की तसा आवाज त्यांचा मी आधीही ऐकला नव्हता आणि नंतरही नाही, म्हणाले, "व्हय गं कुसे, हाय न्हवं अजून?"

मी काळोखाकडं बघितलं.

"हाय आप्पा," मी म्हटलं. "लई वर हाय."

आक्कानं भात वाढला.